‘फास्ट’ची जात विचारताय, मग वाक्य तर द्या

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात इंग्रजी ग्रामरचा जो कोपरा येतो तो आमच्याकडे कापून वहीत चिकटवला जातो, मुलगी सातवीला आहे, सेमी इंग्लिश. म्हणूनच जरा तक्रार करतोय. मागच्या चाचणीत तिला शब्दांच्या जाती ओळखायला आल्या आणि खाली नुसते सुटे शब्द, त्यातला एक ‘फास्ट’. हिने लिहिलं क्रियाविशेषण, बाईंनी काट मारली, बरोबर उत्तर म्हणे विशेषण. अर्धा मार्क गेला त्याचं काही नाही हो, पण पोरगी विचारते, बाबा मग ‘रन फास्ट’ मधलं फास्ट काय आहे? आणि तुमच्या कोपऱ्यात पण अशाच सुट्या शब्दांच्या याद्या असतात.

आम्ही डोंबिवलीकर, त्यामुळे फास्टशी रोजची गाठ. फास्ट लोकल म्हटलं की ते लोकलबद्दल सांगतंय म्हणून विशेषण, गाडी फास्ट चालली म्हटलं की चालण्याबद्दल, म्हणून क्रियाविशेषण. इंग्रजीत एकादशीचा उपास पण फास्टच, तिथे ते नाम, आणि उपास करणे याला पण टू फास्ट म्हणतात, ते क्रियापद. एका शब्दाच्या चार जाती झाल्या, बाईंना कुठली हवी होती ते पोरीने कसं ओळखायचं? गंमत म्हणजे ‘लोकल’ पण मुळात विशेषण, पण ‘माझी ८:१२ ची लोकल चुकली’ म्हणतो तेव्हा ते चक्क नाम झालेलं असतं आणि आपल्या ते लक्षातही येत नाही.

मराठीत वेगळं कुठे आहे? वर मांडवात आला, जरा वर बघ, डबा फळीवर ठेव. तीन ‘वर’, तीन जाती: नाम, क्रियाविशेषण, शब्दयोगी अव्यय. मी मुलीला हेच सांगितलं तर दोन मिनिटात समजलं, कारण ते तिच्या तोंडातलं आहे. एकच फरक दाखवावा लागला, आपलं शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे चिकटतं, टेबलावर, आणि इंग्रजीत ते आधी येतं, ऑन द टेबल, म्हणून तर त्याच्या ‘प्रीपोझिशन’ या नावातच ‘प्री’ आहे.

जाती ओळखायची एक पाठ केलेली युक्ती म्हणजे शब्दाच्या शेवटी ‘ली’ आलं की ॲडव्हर्ब, म्हणजे क्रियाविशेषण. मग फ्रेंडली आणि लव्हली काय आहेत, दोन्ही विशेषणं! आणि ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो खूप राबतो पण ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे काम करतच नाही जवळपास, युक्ती पाठ करणाऱ्याचा इथे पार घोळ होतो.

आणि शब्दांच्या जाती आठ, हा आकडा तरी कुठे दगडावरची रेघ आहे, यास्काने निरुक्त या प्राचीन संस्कृत ग्रंथात चारच सांगितल्या, नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग, निपात (म्हणजे अव्ययं). इंग्रजीतच जुनी पुस्तकं ए, ॲन, द यांना विशेषणात घालायची, आता त्यांना डिटरमायनर म्हणून वेगळं काढतात.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळेपासून यादीतल्या प्रत्येक शब्दासोबत एक छोटं वाक्य छापा. जागा कमी पडत असेल तर दहाऐवजी पाचच शब्द द्या, चालतील.

एक पालक, डोंबिवली