इंजेक्शनच्या कायद्याआधी बिलिंग काउंटरवर येऊन बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इच्छामरण कायदेशीर करा म्हणून तुमच्या सदरात सध्या जी पत्रं येतायत ती मी रोज वाचते, लिहिणारे मनापासून लिहितात यात शंका नाही, पण एक गोष्ट सारखी खटकत होती म्हणून शेवटी मोबाइल घेऊन टाइप करायला बसले. सगळ्या पत्रांतला पेशंट एकच असतो. व्हेंटिलेटरवर पडलेला, पैशाला कमी नाही, मुलं अमेरिकेत, आणि डॉक्टर काही मरू देत नाहीत. असे पेशंट असतात, नाही असं नाही. पण मी मुंबईतल्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलात बरीच वर्षं बिलिंगला होते (नाव घेत नाही, घेऊन तरी काय, सगळीकडे तेच) आणि काचेच्या पलीकडे उभी असलेली माणसं बघून माझं तरी मत असं झालंय की या शहरात मरणाचा निर्णय बऱ्याचदा पेशंटही घेत नाही आणि डॉक्टरही नाही, डिपॉझिट संपलं की तो आपोआप होतो.

आमच्याकडे त्याला डामा म्हणायचे. म्हणजे डॉक्टर नको म्हणत असताना नातेवाइकांनी पेशंट घरी नेणं. फॉर्म छापील असतो पण एक ओळ नातेवाइकाने स्वतःच्या हाताने लिहायची असते, 'पेशंटची परिस्थिती मला समजावून सांगितली आहे, मी स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन जात आहे', खाली सही, नातं, तारीख, टाइम. एक रिक्षावाला आठवतो, खाकी शर्ट, वडील आयसीयूत, ती ओळ लिहिताना 'जबाबदारी'वर अडला, खोडलं, परत लिहिलं, मग म्हणाला मॅडम तुम्हीच लिहा ना. पण ती ओळ आम्ही लिहून द्यायची नाही असा नियम आहे. मग लिहिलं त्याने कसंतरी आणि फॉर्म सरकवताना एवढंच विचारलं की ॲम्ब्युलन्सचा ऑक्सिजन घरापर्यंत पुरेल ना. याच्यासाठी कोर्ट नाही बसलं, मेडिकल बोर्ड नाही बसलं, त्या म्हाताऱ्याला काय हवं होतं ते तर कोणी विचारलंच नाही. पॅसिव्ह (उपचार थांबवून मरू देणं) की ॲक्टिव्ह (इंजेक्शन देऊन मरण देणं) असल्या चर्चेत याला जागाच नाही, कारण कागदावर हा नुसता डिस्चार्ज.

आता कायद्याचं. बरेच जण असं लिहितात की भारतात काहीच परवानगी नाही. तसं नाहीये. आपल्या परळच्या केईएममधली नर्स अरुणा शानभाग, 1973 च्या नोव्हेंबरमध्ये वॉर्डबॉयने तिच्यावर हल्ला केला आणि पुढे 42 वर्षं ती तिथेच वॉर्ड नंबर 4 मध्ये पडून होती, 18 मे 2015 ला न्यूमोनियाने गेली. तिचं खाणं बंद करू द्या म्हणून पत्रकार-लेखिका पिंकी विरानी सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या, 7 मार्च 2011 ला कोर्टाने तिच्यापुरतं नाही म्हटलं पण त्याच निकालात इतरांसाठी उपचार थांबवायचा रस्ता उघडला, हायकोर्टाची परवानगी घेऊन. पुढे 9 मार्च 2018 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की सन्मानाने मरणं हाही घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग, आणि लिव्हिंग विल मान्य केलं. म्हणजे शुद्धीत असताना लिहून ठेवायचं की माझं असं असं झालं तर मशिनवर ठेवू नका. तेव्हा त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची त्यामुळे कोणी त्या भानगडीत पडायचं नाही, 24 जानेवारी 2023 ला कोर्टाने ते पण सोपं केलं, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर, बस. हॉस्पिटलात दोन बोर्ड, तीन तीन डॉक्टरांचे, आणि शक्यतो 48 तासांत निर्णय. विल नसेल तरी घरच्यांच्या संमतीने हेच बोर्ड बसू शकतात. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या किती जणांना हे माहीत आहे? मी तिथे असताना एकानेही बोर्ड बसवा म्हटलेलं मला आठवत नाही, आणि हॉस्पिटल आपणहून कशाला सांगेल.

अरुणाताईंचं उदाहरण देऊन जे इंजेक्शन मागतात त्यांनी एक लक्षात घ्यावं. केईएमच्या नर्सेसचा त्या अर्जाला कडक विरोध होता. वर्षानुवर्षं आळीपाळीने भरवलं, पुसलं, कूस बदलली, इतकी वर्षं अंथरुणात असून बेडसोअर होऊ दिले नाहीत असं सगळे सांगतात, आणि कोर्टाने पण तिच्या वतीने बोलायचा हक्क त्यांनाच दिला. पालिकेच्या हॉस्पिटलात, आपल्याच खात्यातल्या बायकांच्या हातात होती म्हणून हे झालं. तुमच्या-आमच्या वाट्याला काय येणार? 12 तासांची आयाबाई, ती पण परवडली तर, आणि ती सुट्टीवर गेली की सूनबाई.

माझा थोरला भाऊ तोंडाच्या कॅन्सरने गेला. तंबाखू, दुसरं काय. गाल आतून बाहेर फुटला होता, वास इतका की वहिनी उदबत्ती लावून लावून थकायची, आणि दुखणं असं की रात्री भिंतीवर डोकं आपटायचा. मला म्हणायचा, अगं तुझ्या हॉस्पिटलात सांग की कोणाला तरी, एक इंजेक्शन द्या म्हणावं आणि सोडवा. तेव्हा कायदा असता आणि फॉर्म समोर आला असता तर मीच पहिली सही केली असती. मग टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्हवाल्यांनी, म्हणजे दुखणं हलकं करणाऱ्या डॉक्टरांनी, मॉर्फिनच्या (अफूपासूनचं वेदनाशामक) गोळ्या चालू केल्या, दर चार तासांनी, सोबत पोट साफ व्हायचं औषध, वहिनीने कॅलेंडरच्या मागे टाइम लिहून ठेवले होते. चमत्कार वगैरे काही झाला नाही, वास होताच, गाल तसाच होता, गेला पण लवकरच. पण झोपायला लागला. पातळ पेज मागून घ्यायचा, मॅच लावा म्हणायचा, आउट झालं की शिव्या. इंजेक्शनचा विषय त्याने पुन्हा काढला नाही आणि आम्ही पण नाही काढला.

ही साधी गोळी आहे हो, महाग पण नाही. पण 1985 च्या नार्कोटिक्स कायद्याने लायसन्सचा असा घोळ करून ठेवला की मेडिकलवाले ठेवायलाच घाबरायला लागले, 2014 ला कायदा बदलून सोपा केला तरी आमच्या नाक्यावरचा केमिस्ट अजून मॉर्फिन म्हटलं की पोलीस आल्यासारखं तोंड करतो. वांद्र्याला शांती अवेदना सदन आहे, 1986 पासून, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटना फुकट सांभाळतात, देशातलं पहिलं हॉस्पिस आपल्या मुंबईत. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे म्हणून टाटाचे गावाकडचे पेशंट निदान छपराखाली झोपतात. एवढ्या मोठ्या शहराला हे पुरतं का? टाटाच्या बाहेर फुटपाथवर सलाइनची सुई हाताला तशीच ठेवून झोपलेली माणसं आपण सगळ्यांनी बघितलीत. त्याला आपण आधी गोळी देणार की मरायचा हक्क देणार, मला हे विचारायचंय.

परदेशाचे दाखले सारखे येतात, नेदरलँड्सने 2002 मध्ये कायदा लागू केला, कॅनडाने 2016 मध्ये. बरोबर आहे. पण तिथे सगळ्यांना इन्शुरन्स नाहीतर सरकारी दवाखाना आहे, दुखणं थांबवायची सोय आधी झाली आणि हा कायदा त्यानंतर आला. तरीसुद्धा कॅनडाने 2021 मध्ये मरण जवळ आलेलं असण्याची अट काढली तेव्हा तिथल्या अपंगांच्या संघटनाच ओरडल्या, की आम्हाला जगायला मदत द्यायची सोडून हे काय देताय. आणि आपल्याकडे? दहा बाय बाराची खोली, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला, म्हातारा मोरीच्या शेजारी खाटेवर, मुलांची भाड्याची मारामार. कोणी वाईट नसतं हो घरात. पण अशा घरात म्हातारा 'मला इच्छामरण हवंय' म्हणाला तर ती इच्छा कोणाची हे कुठला बोर्ड ओळखणार? आपल्याकडची म्हातारी माणसं तशीही उठताबसता म्हणतच असतात, देवा आता ने एकदाचा, तुम्हाला त्रास नको.

एका पत्रात विनोबांचं आणि सावरकरांचं उदाहरण होतं. विनोबांनी 1982 ला पवनारला अन्न-औषध बंद केलं, सावरकरांनी 1966 ला दादरला. मला त्यांच्याबद्दल बोलायचा अधिकार नाही, पण त्यांनी स्वतः ठरवलं, शुद्धीत ठरवलं, आजूबाजूला शब्द झेलणारी माणसं होती आणि बिलाचा प्रश्न नव्हता.

मोटर न्यूरॉनसारखा आजार झालेल्यांचं काय, ज्यांचं डोकं शाबूत आणि शरीर रोज थोडं थोडं जातं, असं कोणी विचारेल. विचारावंच. त्यांना मी काय सांगणार, माझ्याकडे उत्तर नाही, उद्या संसदेत अशा लोकांसाठी नीट अटी घालून कायदा आला तर मी मोर्चा काढायला जाणार नाही. पण आत्ता सरसकट 'कायदा करा' म्हणणाऱ्यांबरोबर मी नाही, कारण त्या कायद्याचा सगळ्यात जास्त वापर कुठे होईल ते मी काउंटरवरून बघितलंय.

आता जे आहे त्याबद्दल एक काम आहे तुमच्याकडे. मी माझं लिव्हिंग विल केलंय, व्हेंटिलेटर नको, नळीने भरवू नका, मॉर्फिन मात्र हवं तेवढं द्या असं स्पष्ट लिहिलंय. त्याची एक कॉपी पालिकेच्या कस्टोडियनकडे, म्हणजे अशी विल जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्यायची असते. मुंबईचेच स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार हायकोर्टात गेले तेव्हा कुठे हे कस्टोडियन नेमले गेले, वॉर्डाचे आरोग्य अधिकारीच ते काम बघतात. मी कॉपी घेऊन वॉर्ड ऑफिसला गेले तर खिडकीवरच्या मुलाने आधी मृत्यू दाखल्याच्या लाइनमध्ये उभं केलं, नंबर आल्यावर विचारलं कोण वारलं, मी म्हटलं अजून कोणी नाही. त्याला बिचाऱ्याला खरंच माहीत नव्हतं, शेवटी साहेब मंगळवारी भेटतील म्हणाला. तर पाणीकपातीची वॉर्डवार यादी छापता तशी या अधिकाऱ्यांची पण एकदा छापा, कुठला मजला, कुठली खोली, किती वाजता भेटतात, आणि विलचा मराठी नमुना पण सोबत द्या, कापून ठेवता येईल असा.

आपली,
एक रिटायर्ड बिलिंग क्लार्क, मुंबई