सीमेपलीकडच्या आपत्तीचा निरोप वेळेत हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शेजारी देशातून पूर आला की आपल्याकडे पहिली चर्चा ‘पाणी मुद्दाम सोडले का’ याचीच होते. त्या वादात खरा प्रश्न मागे राहतो. वर काही घडल्यावर त्याचा निरोप खाली, गाव रिकामे करण्याचा अधिकार असलेल्या माणसापर्यंत किती वेळात पोहोचला? त्या प्रश्नासाठी हे पत्र.

एकाच खोऱ्यातली दोन उदाहरणे पाहा. ९ एप्रिल २००० रोजी तिबेटमध्ये यिगाँग नदीत डोंगराचा प्रचंड भाग कोसळला आणि नदी तुंबली. मागे तलाव तयार झाला, तो दोन महिने भरत राहिला आणि १० जूनच्या सुमारास दरडीचा हा बांध फुटला. अरुणाचल प्रदेशात सियांगकाठच्या लोकांना याची काहीच कल्पना नव्हती. माणसे वाहून गेली, पूल गेले, हजारो लोक बेघर झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याच खोऱ्यात, यारलुंग त्सांगपोच्या, म्हणजे पुढे ब्रह्मपुत्रा होणाऱ्या सियांगच्या, पात्रात मेनलिंग परगण्यात दरड कोसळली. या वेळी चीनने भारताला कळवले. काठावरची गावे सावध झाली, लोक उंचावर हलले आणि दोनेक दिवसांनी बांधावरून वाहू लागलेले पाणी मोठी हानी न करता पुढे गेले. २०१८ चा तलाव यिगाँगपेक्षा बराच लहान होता, हे मान्य. पण २००० साली हाताशी दोन महिने होते आणि ते एका निरोपावाचून वाया गेले.

ब्रह्मपुत्रेच्या पाण्याची माहिती देण्याचा भारत-चीन समझोता २००२ पासून होता. नुगेशा, यांगकुन आणि नुशिया या तीन केंद्रांवरची माहिती पावसाळ्यात, १५ ऑक्टोबरपर्यंत, रोज दोनदा यायची. डोकलाममधल्या भारत-चीन लष्करी तणावात, २०१७ च्या पावसाळ्यात, ती आलीच नाही. २०१८ मध्ये सुधारणा झाली आणि पावसाळा नसतानाही पाणी ठरलेल्या पातळीवर गेल्यास कळवायचे ठरले. जून २०२३ मध्ये समझोत्याची मुदत संपली. ऑगस्ट २०२५ मध्ये चीनने आणीबाणीच्या प्रसंगी मानवतेच्या भूमिकेतून माहिती देण्याचे मान्य केले, हे स्वागतार्हच आहे. पण आणीबाणी कशाला म्हणायचे, हे आकड्यांत लिहून ठेवलेले नसेल तर ऐन वेळी ते कोणीतरी वरिष्ठ ठरवणार, आणि तो निर्णय होईपर्यंत पाणी सीमा ओलांडून गेलेले असणार.

रोज दोन नोंदी नेहमीच्या पावसाळी पुराला पुरतात, कारण मोठ्या नदीचा पूर दिवसागणिक चढतो. हिमतलाव, म्हणजे हिमनदीच्या पाण्याचा तलाव, किंवा दरडीचा बांध फुटल्यावर येणारी लाट तशी नसते. अरुंद दरीत ती सेकंदाला ५ ते १० मीटर वेगाने धावते, म्हणजे ताशी १८ ते ३६ किलोमीटर. दोन नोंदींमधल्या १२ तासांत ती २०० ते ४०० किलोमीटर पुढे गेलेली असते. ८ जुलै २०२५ रोजी तिबेटमधला हिमनदीवरचा एक तलाव रिता झाला आणि भोटेकोशीच्या लोंढ्याने रसुवागढीचा नेपाळ-चीन मैत्री पूल उखडून नेला, जलविद्युत प्रकल्पांचे नुकसान केले. अशा पुराचा पावसाशी संबंध असतोच असे नाही, त्यामुळे पर्जन्यमापकावर विसंबून राहणाऱ्याला तो कळत नाही.

दरडीने नदी अडली तर मात्र वेळ मिळतो आणि किती मिळेल याचा हिशेब साधा आहे. बांधाच्या माथ्यावरच्या सर्वांत खोलगट जागेपर्यंत अजून किती पाणी मावेल, त्याला दर सेकंदाला येणाऱ्या पाण्याने भागायचे. ५ कोटी घनमीटर जागा शिल्लक असेल आणि सेकंदाला २०० घनमीटर पाणी येत असेल, तर अडीच लाख सेकंद, म्हणजे तीन दिवसांहून थोडे कमी. वर पाऊस वाढला की हा अवधी झपाट्याने घटतो, म्हणून हिशेब दर सहा तासांनी पुन्हा मांडायचा. बांध काठोकाठ भरेपर्यंत टिकेल हे गृहीत धरलेले असते, पण सैल मातीच्या बांधातून पाणी पाझरून तो आतून पोखरला जातो आणि आधीही फुटतो. लोक हलवायचे ते हिशेबातल्या निम्म्या वेळात.

खाली बसलेल्यांना पहिली खूण पाणी वाढण्याची नसते, उतरण्याची असते. वर नदी अडली की खालचे पात्र काही कारण नसताना आटते. लोक मासे धरायला, वाळू काढायला पात्रात उतरतात, आणि नेमकी तीच वेळ सर्वांत धोक्याची. आपल्या पातळीमापकांवर इशारा वाजतो तो बहुधा ठरलेली पातळी ओलांडल्यावर. अचानक उतार आला तरी तो वाजायला हवा. आमच्या मते तीन तासांत प्रवाह चौथा हिस्सा घटला तर चौकशी सुरू व्हावी, तासाभरात पातळी मीटरभर बदलली तर वरच्या देशाने आपणहून कळवावे, आणि १० लाख घनमीटरपेक्षा मोठा नैसर्गिक तलाव साठू लागला तर त्याच दिवशी. आकड्यांवर तज्ज्ञांनी भांडावे, पण आकडे ठरवावेत.

निरोपात काय असावे, यावरही आधीच एकमत हवे. ठिकाण अक्षांश-रेखांशासह, घटनेची वेळ, साठलेले पाणी, बांधाच्या माथ्यापर्यंत उरलेली उंची, येणारा प्रवाह, आणि पुढचा निरोप किती वाजता येईल. शेवटची गोष्ट हमखास गळते. तो ठरल्या वेळी आला नाही तर खालच्याने वाट पाहत बसू नये, संपर्क तुटला असे मानून लोक हलवायला सुरुवात करावी.

एककांचा घोळ तर जीवघेणा ठरू शकतो. आपल्याकडे धरणांवर क्युसेक, म्हणजे घनफूट प्रतिसेकंद, बोलतात, शेजारी घनमीटर प्रतिसेकंद लिहितात. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट, तेव्हा आकडा चुकून दुसऱ्या एककात वाचला तर पूर पस्तीसपट छोटा किंवा मोठा दिसतो. घड्याळांचेही तसेच: बीजिंग आपल्यापुढे अडीच तास, बांगलादेश आणि भूतान अर्धा तास, नेपाळ १५ मिनिटे, आणि पाकिस्तान अर्धा तास मागे. बीजिंगची रात्री आठची नोंद आपल्या संध्याकाळी साडेपाचची असते. पातळीमापकाचे शून्य कुठे धरले आहे, हेही दोन्ही बाजूंनी एकदा जुळवून घ्यावे लागते.

निरोपाइतकीच देखभालही महत्त्वाची, हे १८ ऑगस्ट २००८ ला कोसीने दाखवले. नेपाळात कुसाहा येथे पूर्वेचा तटबंध फुटला आणि बिहारमधले ३० लाखांहून अधिक लोक त्यात सापडले. त्या दिवशी नदीत दीड लाख क्युसेकपेक्षा कमी पाणी होते, तर तटबंध साडेनऊ लाख क्युसेकसाठी बांधलेला होता. तटाला संरक्षण देणाऱ्या धक्क्यांची झीज आधीच दिसू लागली होती. बांध नेपाळच्या भूमीवर, देखभाल १९५४ च्या करारानुसार भारताकडे आणि झळ बिहारला, अशा रचनेत डागडुजीच्या एका फेरीलाही दोन सरकारांची संमती लागते. अशा ठिकाणी पावसाळ्याआधीची संयुक्त पाहणी आणि दगड-जाळ्यांचा साठा नदीकाठीच ठेवणे, एवढी साधी व्यवस्था मोठ्या प्रकल्पांपेक्षा अधिक मोलाची ठरते.

आपणही कोणाचे तरी वरचे शेजारी आहोत, हे विसरून चालणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधला दक्षिण ल्होनाक हिमतलाव फुटला, चुंगथांगचे तिस्ता-३ धरण वाहून गेले आणि लोंढ्याबरोबर लष्करी दारूगोळाही खाली गेला. ती नदी पुढे बांगलादेशात जाते. सिंधू पाणीवाटप करार स्थगित असतानाही ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मूतल्या तावी नदीच्या पुराचा इशारा भारताने उच्चायुक्तालयामार्फत पाकिस्तानला दिला, ते योग्यच झाले. पण राजदूतांच्या मार्गाने जाणारा निरोप सौजन्यावर चालतो आणि टप्प्याटप्प्यावर थांबतो. पुराचा इशारा पाणीवाटपाच्या करारापासून वेगळा काढून, पूर नियंत्रण कक्षातून थेट पूर नियंत्रण कक्षात जावा आणि परराष्ट्र खात्याला त्याची प्रत मिळावी. १९९७ च्या आंतरराष्ट्रीय जलप्रवाह कराराचे २८ वे कलम आणीबाणीत विनाविलंब कळवा असे सांगते. त्या कराराला मतदानात चीनने विरोध केला होता, भारत आणि पाकिस्तान तटस्थ राहिले होते.

राजकारण बाजूला ठेवून असे चालते, हे समुद्राने सिद्ध केले आहे. २००४ च्या त्सुनामीने सुमात्राहून आपल्या पूर्व किनाऱ्यावर यायला दोन तासांहून अधिक वेळ घेतला, पण इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. २००७ पासून हैदराबादच्या केंद्रातून ती चालते आणि २०११ पासून हिंदी महासागरातल्या इतर देशांनाही सूचना जातात. दिल्लीचे चक्रीवादळ केंद्र १३ देशांना इशारे देते, त्यांत पाकिस्तानही आहे. त्सुनामीचा आपल्या पश्चिम किनाऱ्याशीही संबंध आहे: नोव्हेंबर १९४५ मध्ये पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यावरच्या भूकंपानंतर मुंबईतही लाटा आल्या आणि माणसे दगावली.

कारखान्यांच्या अपघातांबाबत मात्र दक्षिण आशिया फारच मागे आहे. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सँडोझ या रसायन कंपनीच्या गोदामाला आग लागली. आग विझवताना मारलेले पाणीच कीटकनाशके घेऊन ऱ्हाईन नदीत गेले आणि सुमारे ४०० किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले, कारण ते पाणी साठवायला हौदच नव्हता. ३० जानेवारी २००० ला रोमानियातल्या बाया मारे येथे सोन्याच्या खाणीतल्या गाळाचा बांध वितळत्या बर्फाने आणि पावसाने फुटला आणि सायनाइडमिश्रित सुमारे एक लाख घनमीटर पाणी सोमेश नदीतून हंगेरीत, तिसा नदीत गेले. मासे टनावारी मेले, पण खबर आधी मिळाल्याने सोलनोक शहराला नदीचा उपसा बंद करता आला. युरोपात यासाठी १९९२ चा हेलसिंकी करार आहे. सार्कचा २०११ चा जलद प्रतिसाद करार मात्र नैसर्गिक आपत्तींपुरता आहे आणि चीन सार्कचा सदस्य नाही. सीमेजवळच्या नदीकाठी रसायनांचे साठे कुठे आहेत, आगीचे पाणी अडवायला हौद आहे का आणि खालचे पहिले पाणी उपसा केंद्र कोणते, एवढी यादी तरी शेजाऱ्यांनी एकमेकांना द्यावी.

अणुअपघाताबाबत नियम आहे. सोव्हिएत संघातले चेर्नोबिल अणुकेंद्र २६ एप्रिल १९८६ ला फुटले आणि जगाला कळले २८ एप्रिलला, स्वीडनमधल्या फोर्समार्क केंद्रात कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सार सापडल्यावर. त्याच वर्षी तातडीने कळवण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत, पाकिस्तान, चीन आणि बांगलादेश त्यात आहेत. बांगलादेशातले पद्माकाठचे रूपपूर, कराचीची केंद्रे किंवा आपले कुडनकुलम, या सर्वांना तो लागू आहे. इथे वेळेचे महत्त्व आयोडीनच्या गोळीवरून कळेल. पोटॅशियम आयोडाइड किरणोत्सारी ढग येण्याआधीच्या २४ तासांत किंवा आल्यावर दोन तासांत घेतले तर सर्वाधिक उपयोगी, आठ तासांपर्यंत काही उपयोग, २४ तासांनंतर फायद्यापेक्षा अपाय. प्रौढाला १३० मिलिग्रॅम, ३ ते १२ वर्षांच्या मुलाला ६५, त्याखाली ३२, नवजाताला १६, आणि तेही प्रशासनाने सांगितल्यावरच. गोळी फक्त थायरॉइडला वाचवते, सीझियमसारख्या इतर किरणोत्सारी द्रव्यांपासून नाही. आयोडीनयुक्त मिठाने हे काम होत नाही. किलोमागे ३० मिलिग्रॅम आयोडीन धरले तरी प्रौढाच्या एका मात्रेइतक्या आयोडीनसाठी तीन किलोहून अधिक मीठ खावे लागेल. जखमेवर लावायचे आयोडीन तर कधीही पिऊ नये. ढग यायच्या आत दुभती जनावरे गोठ्यात बांधून साठवलेला चारा घातला, तर मुलांच्या पोटात दुधावाटे जाणारे किरणोत्सारी आयोडीन-१३१ बरेचसे टळते. त्याची तीव्रता दर आठ दिवसांनी निम्मी होते.

भारत आणि पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. तशीच तारीख पुराच्या निरोपासाठी ठरवावी. वर्षातून दोनदा, त्यांतली एक रात्री दोन वाजता, खोटा इशारा पाठवून रंगीत तालीम घ्यावी. वर संदेश किती वाजता निघाला, आपल्या कक्षात किती वाजता आला, जिल्हाधिकाऱ्यांना किती वाजता कळला आणि पहिल्या गावात भोंगा किती वाजता वाजला, या चार वेळा केंद्रीय जल आयोगाने दर तालमीनंतर आणि दर खऱ्या पुरानंतर जाहीर कराव्यात, अशी आमची मागणी आहे.

आपले,
जलविज्ञान आणि आपत्ती व्यवस्थापनाचे काही अभ्यासक