बाबा, पंचवीसचीच घेतली

पुणे, ९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी दुसऱ्याच वाक्याला "बरं, बघू" म्हणून फोन आईकडे दिला असता. म्हणून लिहितेय. तुमच्यासाठी, सांगलीला, गाडी बुक केली. टाटाची पंच ईव्ही, म्हणजे विजेवरची, २५ ची (किलोवॉट-तासांची) बॅटरी, मधलं मॉडेल, पांढरा रंग. २१,००० भरले. नेक्सॉन नाही, ४५ ची बॅटरीही नाही. बाबा, दिवाळीत ते नेक्सॉनचं कोटेशन तुम्ही घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं होतंत, ते मी पाहिलंय. त्यामुळे पंधरा दिवस आकडेमोडच करत होते. ती सगळी खाली मांडतेय. नाही पटली तर रागवा, पण शेवटपर्यंत वाचून रागवा.

मी मर्यादा तेरा लाखांची ठेवली, वायरिंग, विमा सगळं धरून. नेक्सॉनचं ४५ चं वरचं मॉडेल नुसत्या शोरूम किमतीतच सतरा लाखांच्या घरात जातं. आपली बारा लाखांच्या आत आहे. म्हणजे फरक पाच लाखांचा. हेच पाच लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकले (मर्यादा ३० लाख, तुमच्या खात्यात अजून जागा आहे), तर आजच्या ८.२ टक्क्यांनी वर्षाला ४१,००० व्याज, दर तिमाहीला १०,२५०. तुमचं फिरणं महिन्याला पाचशे किलोमीटर, वर्षाला सहा हजार. ही गाडी गावात एका युनिटला सातेक किलोमीटर जाते, आणि चार्ज होताना दहा-बारा टक्के वीज वाया जाते. ते धरून वर्षाला साधारण ९५० युनिटं. युनिट बारा रुपयांना पडलं तरी साडेअकरा हजारांच्या आत. एका तिमाहीच्या व्याजात गाडीची जवळजवळ वर्षभराची वीज निघते. आणि गच्चीवरच्या तीन किलोवॉटच्या सोलरची उरलेली युनिटं तुम्ही मार्चअखेर महावितरणला कवडीमोलाने देऊन टाकता. ती आता गाडीत जातील. म्हणजे तेवढंही लागायचं नाही.

खरं सांगायचं तर पैसे वाचतात म्हणून ईव्ही घ्या, असं मी कुणाला सांगणार नाही. सहा हजार किलोमीटरला पेट्रोल गाडीने लिटरला १५ दिले तर ४०० लिटर लागतं, म्हणजे ४०-४२ हजार. सर्व्हिसिंगमध्ये आणखी थोडे वाचतील. पण पेट्रोलची तशीच गाडी तीन-साडेतीन लाखांनी स्वस्त मिळते, आणि सप्टेंबरमध्ये जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यापासून तर हा फरक आणखी वाढलाय. वीज सोलरची धरली तरी हे पैसे वसूल व्हायला आठेक वर्षं लागतात, आणि बॅटरीची वॉरंटीही आठच वर्षांची, नाहीतर १ लाख ६० हजार किलोमीटर. म्हणजे बरोबरीत सुटतं. ईव्ही घेतली ती बाबांच्या डाव्या गुडघ्यासाठी. क्लच नाही, गिअर नाही, गावभागातल्या बोळात मुंगीच्या पावलाने सरकते आणि झटका देत नाही. पंचच्याच मोठ्या बॅटरीवर आणखी लाख-सव्वा लाख घातले असते तर मात्र ते पैसे कधीच वसूल झाले नसते. महिन्याला पाचशे किलोमीटर फिरणाऱ्याची मोठी बॅटरी अर्धीच वापरली जाते, बाकीचं नुसतं वजन वाहायचं.

कंपनी २५ च्या बॅटरीला ३१५ किलोमीटर म्हणते. तो आकडा विसरा. एसी लावून, आपल्या रस्त्यांवर १७०-१८० धरा, आणि २० टक्के शिल्लक ठेवायची म्हणजे १४०. मिरजेचं हॉस्पिटल जाऊन-येऊन वीस. नरसोबाची वाडी जाऊन-येऊन पन्नासच्या आत. कोल्हापूर, अंबाबाई करून परत, शंभर. तासगावच्या गणपतीला तर विचारायचंच नाही. पंढरपूरला एकदा चार्ज करावं लागेल, पण तिथे आई तशीही दोन तास रांगेत असते.

राहिलं पुणं. बाबा, तुमचा सगळा जीव त्या "एका दमात पुणं" मध्ये अडकलाय. सांगली ते पुणे २३५ किलोमीटर. हायवेला शंभरच्या वेगाने, एसी लावून, खंबाटकी ओलांडून ४५ ची बॅटरीसुद्धा शेवटी दहा-पंधरा टक्क्यांवर येते. काटा खाली गेला की तुम्ही कराडलाच गाडी थांबवणार, मला माहीत आहे. म्हणजे पाच लाख जास्त देऊनही चार्जिंगला थांबायचंच. त्यापेक्षा कोयना किंवा वंदे भारत, दोन्ही सांगलीला थांबतात. मी पुणे स्टेशनला असेन, प्लॅटफॉर्मवर, पायऱ्यांशी नाही.

हे कारण पैशाचं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तुम्ही चाळीस वर्षं गाडी चालवलीत, शिरवळच्या त्या पावसातही, आणि मागच्या सीटवर आम्ही बिनधास्त झोपायचो. ते कोण विसरेल. पण मोतीबिंदूनंतर समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात, हे तुम्हीच आत्याला सांगितलंत, मला नाही. लायसन्सची मुदतही जवळ आलीय. पंचावन्नच्या पुढे पाच पाच वर्षांनी नूतनीकरण असतं आणि डॉक्टरचा फॉर्म १ए लागतो. त्याच वेळी डोळे नीट तपासून घ्या. डॉक्टर हो म्हणाले तर गावात हवं तितकं चालवा, दिवसा. मी काही किल्ली काढून घेत नाहीये.

आईसाठी एवढंच की पंचची सीट उंच आहे, खाली बसायचं नाही आणि वर उठायचंही नाही, सरळ टेकायचं. दारं नव्वद अंशांत उघडतात. शोरूममध्ये जाशील तेव्हा तीनदा बस आणि तीनदा ऊठ, हात कुठे धरतेस ते बघ. लाजू नकोस, ते गाडी विकतायत, आपण पाहुणे नाही. शिवाय ही नेक्सॉनपेक्षा चौदा सेंटिमीटर लांबीला आणि सात सेंटिमीटर रुंदीला कमी आहे. आपल्या गेटच्या खांबावर आधीचे ओरखडे कुणाचे आहेत यावर मी काही बोलत नाही.

आता कोटेशन. बाबा, पेन घेऊन बसा. दहा लाखांच्या वरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच कापलेला आयकर) घेतात, तो खर्च नाही, रिटर्न भरताना परत मिळतो. आयकराच्या २६एएस फॉर्ममध्ये दिसतोय ना ते जोशीकाकांना बघायला सांगा. ईव्हीला राज्याचा रस्ता कर माफ आहे. त्या रकान्यात मोठा आकडा दिसला तर विचारा. "हँडलिंग चार्जेस" लिहिले असतील तर खोडायला लावा, द्यायचे नाहीत. टेफ्लॉन कोटिंग, ॲक्सेसरी किट, नको. शेजारच्या काकांनी कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची करसवलत सांगितली ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती, आणि ईव्हीला सबसिडी देणारी केंद्राची फेम-२ योजना तर खासगी चारचाकींच्या कामाची नव्हतीच, शिवाय ती २०२४ मध्ये संपली. विमा शोरूमचाच घ्यावा अशी सक्ती नाही. आपली जुनी वॅगनआर विकताना विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्या. ५० टक्क्यांपर्यंतची ती सूट नव्या गाडीला लागते आणि लोक ती जुन्या गाडीबरोबर घालवून बसतात. नव्या विम्यात झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) घ्या, आणि पाणी शिरून बॅटरी-मोटर गेली तर भरपाई आहे का ते लेखी घ्या. आपल्या गावात सनरूफपेक्षा ते महत्त्वाचं. वॅगनआर देताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि तारीख-वेळ घालून पोच. नाहीतर दुसऱ्याचं चलान तुमच्या नावावर येईल.

वायरिंगवर मात्र मी कंजुषी करू देणार नाही. ७.२ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर घ्यायचा नाही, त्याला मंजूर भार वाढवावा लागतो आणि तुम्हाला त्याची गरज नाही. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॉटने रिकामी गाडी नऊ-साडेनऊ तासांत भरते, आणि तुमची रोजची तूट दोन तासांत भरून निघेल. पण हे सॉकेट मीटरपासून स्वतंत्र हवं. तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर, अंतर वीस मीटरच्या वर गेलं तर ६ ची. २० अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडतो), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडतो). जिन्याखालच्या बोर्डवरून वाढीव वायर ओढायची नाही. फ्रिज दोन मिनिटं जोर लावतो, गाडी तासन्‌तास १५ अँपिअर खेचते. सॉकेट जरा जरी सैल असेल तरी आतून वितळतं, बाहेरून कळतही नाही. पहिल्या आठवड्यात तासाभराने प्लगवर हात ठेवून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर बंद.

सगळ्यात जास्त घोळ अर्थिंगचा. आपल्या घराचं अर्थिंग जुन्या लोखंडी नळाला होतं, आणि तो नळ तुम्ही पुरानंतर प्लास्टिकचा केलात. म्हणजे अर्थिंग गेलं. फ्रिज तरीही चालतो, गाडी चालणार नाही. चार्जर लाल दिवा दाखवून बसेल आणि तुम्ही गाडीला शिव्या द्याल. नवा खड्डा घ्यायला सांगा, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीनच्या आत हवं. एप्रिल-मे मध्ये खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी, तुळशीला घालतेस तेव्हाच आई. गाडी चार्ज होत असताना गिझर नको, दोन्ही मिळून मीटरचा जीव जातो.

सॉकेट पाच फुटांवर. २०१९ च्या पुराची रेघ भिंतीवर अजून दिसते, तिच्या वर हात-दीड हात. बॅटरीला आयपी ६७ आहे, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकते. कृष्णामाई अर्ध्या तासात उतरत नाही. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आहे, आपण तिची वाट बघायची नाही. ३५ झाले की गाडी विश्रामबागला आत्याकडे, भरलेली. आणि आई, गाडीबरोबर तुम्हीही. पाणी उंबऱ्याला लागल्यावर लोणच्याच्या बरण्या माळ्यावर चढवत बसू नकोस. गाडी बुडालीच तर सुरू करून बघायची नाही, चार्जर लावायचा नाही, दोरीने ओढायची नाही. सपाट ट्रकवर चढवूनच न्यायची.

रोजचं असं. २० ते ८० मध्ये ठेवा, पंधरा दिवसांतून एकदा घरच्या सॉकेटवर पूर्ण १००, नाहीतर टक्क्यांचा काटा खोटं बोलायला लागतो. गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर मध्ये एकदा सुरू करून अर्धा तास ठेवा. मोठी बॅटरी भरलेली असली तरी १२ व्होल्टची छोटी बसली की रिमोटने दारसुद्धा उघडत नाही. रीजेन (पाय उचलल्यावर गाडी आवरून वीज परत भरणारी सोय) पहिला महिना १ वर. ३ वर ठेवलं तर पाय उचलला की गाडी दचके देत थांबते, आणि मग आईला तांदूळवाडीच्या एसटीसारखं मळमळेल. आलेपाकाची पुडी दारातल्या कप्प्यात ठेवा, पूर्वी आई माझ्यासाठी ठेवायची तिथेच. स्टेपनी मिळते की नुसतं पंक्चर किट, ते विचारून मला कळवा.

बाबा, ती चष्म्याच्या डबीतली घडी टाकून देऊ नका, मला दाखवायला ठेवा. तुम्ही मागे पेन्सिलीने काय काय बेरजा केल्यात ते बघायचंय.

वायरमन मंगळवारी दहाला येईल. चहा तर तू देशीलच आई, पण सॉकेटची उंची टेपने मोजल्याशिवाय त्याला सोडू नकोस.

तुमची,
चिऊ