अंदाज आणि इंचटेप

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

दिवाळीहून परत येऊन पंधरा दिवस झाले. बोलणं रोजच होतं, पण विषय जरा अडचणीचा निघाला की बाबा "बरं बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून हे पत्र. आई, तू मोठ्यानं वाच, आणि मधेच उठू देऊ नकोस त्यांना.

बाबा, आधी शेडचं. भाऊबीजेला दुपारी तुम्ही झोपला होतात तेव्हा मी तुमची हंगामाची वही काढून बसले होते. रागावू नका. गेल्या वर्षी तुम्ही शाळांच्या 9000 शर्टांना हो म्हणालात. कापड आलं मार्चच्या शेवटी. आपल्याकडच्या शाळा 15 जूनच्या सुमाराला उघडतात, कर्नाटकातल्या तर त्याआधीच, म्हणजे माल 10 जूनपर्यंत निघायला हवा होता. रविवार आणि सण वगळले तर हातात फार तर 65 दिवस. रोजचे 138 शर्ट झाले. आपले कारागीर सहा, एकाचे दिवसाला 15 धरले तर 90. तेही सगळे हजर असतील तर. मे महिन्यात सोलापुरात पत्र्याच्या शेडमध्ये सहाच्या सहा माणसं कधी हजर होती, आठवतंय का? कुणाच्या घरी लग्न, कुणाचं पोर सुट्टीला गावी सोडायचंय, कुणाला ऊन लागलंय. तुमच्या हजेरीच्या खुणा मोजल्या, तर मेमध्ये सरासरी साडेचार माणसं भरतात.

मग जूनच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही तीन हजार शर्ट बाहेर शिवायला दिलेत. तिकडच्या कॉलरी आपल्यापेक्षा अर्धा इंच मोठ्या आल्या, शाळेनं माल परत केला, आणि तुम्ही आठ दिवस जेवला नाहीत. तेव्हा सगळा राग त्या बाहेरच्या माणसावर निघाला. मला विचाराल तर चूक मार्चमध्येच झाली होती, हो म्हणताना.

अंदाजावर तुम्ही तीस वर्षं धंदा केलात, हे मी नाकारत नाही. पण तेव्हा दोन शाळा होत्या आणि आई काजबटणाला बसायची. आता सात शाळा आहेत.

मी इकडे कंपनीत दुसरं काय करते? कुठल्या महिन्यात किती हात लागतील ते तीन महिने आधी मांडते. तेच आपल्या वहीवर करून पाहिलं. रोज 138 काढायचे तर नऊ-दहा कारागीर हजर हवेत, दांड्या धरून पटावर बारा. बारा माणसं आपण पोसू शकत नाही, कारण जुलै ते डिसेंबर त्यांना द्यायला काम नाही. आत्ताच बघा, सहाजणांना कामावर टिकवायला तुम्ही उचल देत बसता आणि ती फिटत नाही.

पण पांढरा हाफ शर्ट सात शाळांपैकी पाच शाळांना सारखाच लागतो. फरक फक्त खिशावरच्या बिल्ल्याचा. मग तो शर्ट आत्तापासून शिवून का ठेवू नये? खिसा शेवटी लावायचा. रोज 50 काढले तरी जानेवारीअखेर तीन हजार होतील. गड्ड्याचे, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या जत्रेचे दिवस मी धरलेलेच नाहीत, अक्षतांच्या दिवशी मशीनवर कोण बसतंय! मग हंगामात सहाजणांनी दांड्यांसकट साडेचार हजार काढले की एकूण साडेसात हजार. तेवढ्यालाच हो म्हणायचं. दीड हजार शर्टांना नाही म्हणायला तुमची जीभ रेटणार नाही, मला माहीत आहे. कापडात पैसे अडकतील हा तुमचा आक्षेपही बरोबर आहे, म्हणून सगळी मापं नकोत, 28 ते 34 एवढीच शिवू. ती कधी पडून राहत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलंय.

मास्तरांचं वेगळंच. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत आणि कटिंग आजही फक्त त्यांनाच येतं. पुठ्ठ्याचे फर्मे खिळ्याला टांगलेत, पण कुठला फर्मा कुठल्या शाळेचा हे त्यांच्या डोक्यात. सुनीताला रोज दुपारी तासभर त्यांच्या शेजारी उभी करा. तासाचे तिचे पीस बुडतील, ते भरून द्या. आणि फर्म्यांवर मार्करनं नावं लिहायला काही लागत नाही. मास्तरांना वाईट वाटेल म्हणून तुम्ही टाळताय. त्यांनाच विचारून बघा, कदाचित त्यांना हायसं वाटेल.

आणखी एक, हे कडू लागेल. शेडमध्ये माणसं अकरा आहेत: सहा कारागीर, मास्तर, काजबटणाची बाई, इस्त्रीवाला, धागे कापणाऱ्या दोघी. रजिस्टरवर नऊ. दहा झाले की कामगार विमा लागू होतो, म्हणून नऊ. बाबा, नऊ हजार पगारावर मालकाचा हप्ता सव्वातीन टक्के, म्हणजे महिन्याला तीनशे रुपयांच्या आत. लक्ष्मीअक्काच्या बोटातून सुई गेली तेव्हा दवाखान्याला तुम्ही खिशातून त्याच्या कितीतरी पट दिलेत, आणि घरी बसली त्या दिवसांचे पैसे तिला मिळाले नाहीत ते नाहीतच. दोघींची नावं चढवा.

आता भिंत. आई, इथे पाणी पिऊन घे.

नवीन शेजाऱ्यांनी जुनं घर पाडून बांधकाम काढलंय आणि उत्तरेकडची कंपाऊंडची भिंत सरकवा म्हणतात, यावर बाबांनी त्यांच्याशी बोलणंच सोडलंय. "पंचवीस वर्षांची भिंत आहे, ती आपलीच." मी लेआउटचा नकाशा पाहिला. प्लॉट 40 बाय 50, समोरची बाजू 40 फुटांची. पाडव्याला सकाळी शेडमधला इंचटेप आणला आणि पायरीजवळच्या दक्षिणेकडच्या भिंतीपासून उत्तरेच्या भिंतीपर्यंत मोजत गेले. साठ इंचांचा टेप, 40 फुटांत बरोबर आठ वेळा भरायला हवा. आठ वेळा भरला आणि वर पंधरा इंच उरले.

कापडी टेप ताणला जातो हे मलाही कळतं. कदाचित चूक दक्षिणेकडची असेल. पण मोजायचंच नाही असं आपण ठरवून बसलोय, ते मला खटकतं. आईनं मला हळूच सांगितलं की भिंत बांधताना शेजारचे जुने काका म्हणाले होते, "असू द्या हो, फूटभरानं काय होतंय." बाबा, ह्या वाक्यानंच आपली बाजू पडते. दुसऱ्याच्या जागेवर बारा वर्षं उघड ताबा ठेवला की हक्क सांगता येतो, असं लोक म्हणतात. पण मालकाच्या परवानगीनं ठेवलेला ताबा त्यात धरत नाहीत. काकांचा चांगुलपणा आपण कोर्टात त्यांच्याच विरुद्ध वापरणार का? ते आता नाहीत म्हणून?

शिवाय भिंतीला पोट आलंय. पावसाळ्यात ती त्यांच्याकडे कलली. तिकडे आता पाया खणलाय, मजुरांची पोरं तिथंच खेळतात. भिंत आपण बांधली, पडली तर जबाब आपल्यालाच द्यावा लागेल. हद्दीची खूण जपण्याची जबाबदारी जमीनधारकावरच ठेवलीय, अगदी 1966 च्या महसूल संहितेत. शेतातला बांध कोरला की आजोबा कसे पेटायचे, आठवतं ना? इथं कोरणारे आपण निघालो तर?

मी असं सुचवते: भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज आपणच करू, ऑनलाइन होतो. त्यांची नोटीस लगतच्या सगळ्यांना जाते, भूकरमापक येऊन खुणा दाखवतो, मग 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा मिळतो. शेजाऱ्यांना आधी घरी चहाला बोलवायचं आणि सांगायचं की मोजणी आम्ही करतोय, जे निघेल ते दोघांना मान्य. आपली भिंत आत घ्यावी लागली तर शेवगा जाईल. आईला त्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटणार, मला ठाऊक आहे. पण तो तोडण्याआधी महापालिकेची परवानगी काढायची. बाबांनी रात्रीतून कुऱ्हाड चालवायची नाही.

मी येत्या शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं येते. आई, लोखंडी कपाटातल्या खालच्या खणात लग्नाच्या पत्रिकांखाली खरेदीखत असेल, ते काढून ठेव. शेंगाचटणी कर, तिखट कमी. बाबा, हंगामाची वही लपवू नका. आणि मोजायला शेडमधला टेप नको, लोखंडी मी आणते.

तुमची,
मनू