रिसीव्हर पॅकच्या वहीची सवय लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

मैदानावर कोणी आभार मानू लागलं की तुम्ही लगेच विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. नव्याने हेली, म्हणजे रिमोटवर उडणारं मॉडेल हेलिकॉप्टर, उडवायला घेणाऱ्यांनीही ते वाचावं, अशी इच्छा आहे.

नायट्रो हेलीचं इंजिन इंधनावर चालतं, पण रिमोटचा संदेश घेणारा रिसीव्हर, तोल सांभाळणारा गायरो आणि भाग हलवणाऱ्या पाचही छोट्या मोटारी, म्हणजे सर्व्हो, एका छोट्याशा बॅटरी पॅकच्या जिवावर असतात. पॅकने मान टाकली तरी इंजिन चालूच राहतं, ताबा मात्र कोणाचाच उरत नाही. विमान निदान तरंगत खाली येऊ शकतं. हेलीच्या टेल रोटरवरचा, म्हणजे शेपटीवरच्या छोट्या पंख्यावरचा, ताबा सुटला की ती गरगरत कुठेही जाते. माझ्या ९० साइझच्या, म्हणजे मोठ्या आकाराच्या, हेलीची पाती मिनिटाला १९०० फेरे घेतात, म्हणजे पात्याच्या टोकाचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या वर. कडेला लहान मुलं उभी असतात. हे गणित तुम्ही पहिल्याच भेटीत मांडून दाखवलंत आणि ते मनात कायमचं बसलं.

दोन सेलचा, २१०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेचा लाइफ (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक घ्यायलाही तुम्हीच सांगितलंत आणि त्याचा स्वभावही समजावलात. चार्जरवरून काढल्यावर ७.२ व्होल्ट, थोड्याच वेळात ६.६ च्या आसपास, आणि मग जवळजवळ शेवटपर्यंत तिथेच. संपत आला की एकदम कोसळतो. त्यामुळे अर्धा भरलेला पॅक आणि संपायला आलेला पॅक मीटरवर जवळपास सारखेच दिसतात. ‘किती उरलंय ते मीटरला विचारू नकोस, किती परत भरलं ते चार्जरला विचार,’ हे तुमचं वाक्य.

तेव्हापासून वही आहे. तारीख, किती फ्लाइट, कशा प्रकारचं उड्डाण आणि चार्जरने परत भरलेले एमएएच. माझ्या हेलीला साध्या उड्डाणात फ्लाइटमागे साधारण १५० लागतात, जोरात थ्रीडी, म्हणजे कसरती, केल्या तर २२० पर्यंत. निम्मी क्षमता वापरली की पॅक बाहेर, हा तुमचा नियम. उरलेली निम्मी थंडीसाठी, पॅकच्या वयासाठी आणि अडकणाऱ्या सर्व्होसाठी.

तो अडकणारा सर्व्हो खरंच भेटला! एका रविवारी तेवढंच उडवूनही फ्लाइटमागचा आकडा ३०० च्या पुढे गेला. पॅक म्हातारा झाला असेल असं मला वाटलं. तुम्ही मात्र हेली स्टँडवर ठेवलीत, स्विच चालू केलात आणि कान लावून ऐकत बसलात. स्टिक सोडलेली असतानाही टेलचा सर्व्हो बारीक गुणगुणत होता. सर्व्होला जोडणारी दांडी (लिंक) काढून हाताने सरकवून पाहिलं तर टेलच्या पात्यांचा कोन बदलणारा स्लायडर एका जागी घट्ट. शाफ्टवर इंधनाचा चिकट थर बसला होता. पुसून एक थेंब तेल दिलंत आणि पुढच्या आठवड्यात आकडा मूळ जागी आला. पॅकच्या वहीने टेलचा आजार पकडला, याचं मला आजही नवल वाटतं.

दर सहा महिन्यांनी पॅक पूर्ण डिस्चार्ज करून क्षमता मोजायची सवयही तुमचीच. ८० टक्क्यांखाली गेलेला पॅक हेलीत नाही, फक्त घरच्या टेबलावरच्या सेटिंगसाठी, त्यावर लाल चिकटपट्टी. माझी मुलगी ती पट्टी लावते आणि कारण विचारलं तर नीट सांगते.

काका, तुम्ही यासाठी कधी एक पैसा घेतला नाहीत. स्वतःच्या फ्लाइट सोडून तासन्‌तास माझ्या वायरी तपासल्यात. पॅकपासून रिसीव्हरपर्यंत दोन वेगळ्या जोडण्या करून दिल्यात, म्हणजे एक प्लग सैल झाला तरी दुसरा आहे. माझी हेली आज शाबूत आहे आणि घरचे बिनघोर मैदानावर येतात, याचं श्रेय तुमचं आहे.

नवा पॅक आलाय. येत्या रविवारी घेऊन येतो. पहिली क्षमता चाचणी तुमच्या चार्जरवर करू आणि वहीतला पहिला आकडा तुमच्या हाताने लिहा.

आपला,
मैदानावरचा एक शिष्य