पाहुणचार झाला, पाहणी कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत शालेय समुपदेशक बाईंचा पाच छोट्या खासगी महाविद्यालयांच्या भेटींवरचा लेख वाचला. राग निवतो का म्हणून एक दिवस थांबले. निवला नाही, म्हणून हे पत्र.

बाई लिहितात छान. प्रवेशद्वारातले औक्षण, हिरवळ, गुलमोहर, सगळे डोळ्यांपुढे उभे राहिले. मी एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. समुपदेशनाचे काम कुणीच घेईना म्हणून ते माझ्या गळ्यात पडले. त्यामुळे समुपदेशकांना कॉलेज दाखवायला नेणारी ती एसी बस, तो गुलाब, ती श्रीखंड-पुरी आणि निघताना मिळणारी लोगोवाली बॅग हे सारे माझ्याही परिचयाचे आहे. बॅग अजून वापरते, भाजीला बरी पडते.

‘प्राचार्य प्रत्येक विद्यार्थ्याला नावाने ओळखतात’ या गोष्टीचे बाईंना फार कौतुक. अहो, साठ जागांच्या शाखेत बावीसच भरल्या तर नावे पाठ होणारच! त्या बाविसांना शिकवायला किती जण आहेत, हे कुणाला विचारलेत का? प्राध्यापकांची यादी संकेतस्थळावर टाकणे बंधनकारक असते. ती यादी हातात धरून स्टाफरूममध्ये डोकावायला पाच मिनिटे पुरतात. मी एकदा ग्रंथालयात एक पुस्तक सहज उघडले, तर देवघेवीचा शेवटचा शिक्का सहा वर्षांपूर्वीचा. तेवढ्यात ‘मॅडम, जेवण गार होतंय’ म्हणून बोलावणे आले.

मीही तेव्हा जेवायला गेले, हे कबूल करते. आणि परत येऊन वर्गात सांगितले, ‘कॉलेज लहान आहे, पण माणसे चांगली आहेत.’

ते ऐकून माझा एक विद्यार्थी तिथे गेला. हुशार मुलगा, वडील एसटीत. ‘कॅपचा ऑप्शन फॉर्म आम्ही मोफत भरून देतो’ म्हणून (कॅप म्हणजे शासनाची केंद्रीय प्रवेशप्रक्रिया, आणि या फॉर्मात कॉलेजांची पसंती क्रमाने भरायची असते) कॉलेजने त्याला संगणक कक्षात बसवले, लॉगिन-पासवर्ड घेतला आणि पहिल्या पसंतीला स्वतःचेच नाव टाकले. ज्यांच्या घरात कुणी या फेऱ्यांतून गेलेले नाही, त्यांना यात काय घडले ते कळतही नाही. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांची दारे बंद होतात. दुसऱ्या फेरीत त्याच्याच बाकावरच्या, त्याच प्रवर्गातल्या आणि त्याच्याहून कमी पर्सेंटाईलच्या मित्राला कराडच्या शासकीय अभियांत्रिकीत सिव्हिल मिळाले. माझा विद्यार्थी आपला प्रवेश रद्द करायला गेला, तर दाखला आणि गुणपत्रिका ‘पडताळणीसाठी’ ठेवून घेतलेल्या. पूर्ण वर्षाची फी भरा आणि घेऊन जा, असे उत्तर मिळाले. मूळ कागदपत्रे अडवून ठेवायची नाहीत, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१८ सालीच बजावले आहे. मी ते परिपत्रक छापून नेले. चहा मिळाला, कागद मिळाले नाहीत. शेवटी पोरगा तिथेच शिकला.

त्याचे वडील मला एवढेच म्हणाले, ‘बाई, तुम्ही बघून आला होता ना?’

सगळीच छोटी महाविद्यालये अशी नसतात. एका फार्मसी कॉलेजातल्या प्रयोगशाळा परिचरांनी मला न विचारता सांगितले होते, ‘हे यंत्र बंद आहे, मुलांना सांगून ठेवा.’ अशी माणसे बाईंना भेटली असतील तर त्यांच्यावर लिहावे. पण सबंध लेखात फीचा आकडा एकदाही नाही! व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या खासगी कॉलेजांची फी शासनाचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, ती सर्वांना पाहता येते. वर बाई लिहितात, ‘मुलींना मोफत शिक्षण देणारी संस्था’. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची फी शासनाने २०२४ पासून माफ केली आहे. निर्णय शासनाचा, बॅनरवर फोटो संस्थापकांचा. बस आणि वसतिगृहाचे पैसे मात्र पालकांचेच.

आता आपल्याविषयी. लेखाच्या शेजारच्याच पानावर त्या पाचांपैकी एका महाविद्यालयाची पानभर जाहिरात होती. योगायोग असेलही. पण त्या जाहिरातीसाठी शब्दकोडे गाळलेत. आमच्या घरी रविवार त्यानेच सुरू होतो, हेही नोंदवून ठेवते.

यंदाच्या सहलीचे निमंत्रण मला आले आहे. सोबत बारावीच्या सर्व विद्यार्थ्यांची नावे आणि मोबाइल नंबर भरून पाठवायचा कोरा तक्ताही आहे. तो कोराच परत पाठवते आहे. बसमधली माझी खिडकीजवळची जागा बाईंना हवी असल्यास कळवावे.

— एक शिक्षिका, जि. सातारा
(नोकरीचा प्रश्न असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)