दादाच्या संस्थेचा हिशेब

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

दादाला कायमचं ठेवण्यासाठी बघतोय त्या बौद्धिक अपंगांच्या निवासी संस्थेची फी ऐकून तुम्हाला धसका बसलाय, पण मला ती अवाच्या सवा वाटत नाही. खोली-जेवणापेक्षा खरा खर्च माणसांचा. आठवड्याचे तास 168, एकाची ड्युटी 48 तासांची. चोवीस तास एक काळजीवाहक हजर ठेवायचा तर साडेतीन माणसं लागतात, रजा-आजारपण धरून चार. म्हणून फी फार कमी सांगितली तर आधी रात्रीचं विचारा. किती मुलांमागे एक माणूस (तिथे पन्नाशीच्यांनाही मुलंच म्हणतात), आणि तो जागा असतो की झोपतो? दादाला फिट झोपेतच येते.

फीत काय धरलेलं नाही, ते लेखी घ्या. डायपर, फिटच्या गोळ्या, रक्ततपासण्या. ॲडमिट करावं लागलं तर सोबतीला कोण, त्याचे पैसे कोण देणार? दाताचं साधं कामही कधी पूर्ण भूल देऊन करावं लागतं. दादा महिनाभर घरी आला तर फी चालू राहते का? सुरुवातीला त्याला ठेवून बघण्याच्या काळात संस्थेनंच 'जमत नाही' म्हटलं तर डिपॉझिटचं काय?

समजा आज महिना 25,000 लागतात. दरवर्षी 7 टक्के वाढ धरली तर दहा वर्षांत जवळपास 50,000, वीस वर्षांत 97,000च्या आसपास. एफडीचं सगळं व्याज खर्चून टाकलं तर मुद्दल आहे तिथेच राहते आणि फी पुढे निघून जाते. थोडं व्याज मुद्दलात जिरलंच पाहिजे.

फ्लॅट, एफडी थेट त्याच्या नावावर नको. त्याला व्यवहार करता येणार नाहीत. अठरानंतर आई-वडीलही आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. पैसे खाजगी ट्रस्टमध्ये ठेवू. ट्रस्टी मी एकटी नको, घराबाहेरचा एक हवाच. माझ्यावरही कुणाचं तरी लक्ष असू दे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' आरोग्य विम्यात वर्षाला 1 लाखापर्यंत कव्हर आहे, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. तो उतरवूनच घेऊ.

बाबा, तुमची पेन्शन केंद्राची. आईनंतर दादाला हयातभर फॅमिली पेन्शन मिळू शकते. त्यासाठी त्याचं नाव आणि अपंगत्व पेन्शनच्या कागदांवर तुमच्या हयातीतच नोंदवू; मागाहून सिद्ध करत बसणं फार जड जातं. त्याचं यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आणि तुमची पीपीओ (पेन्शन मंजुरीची ऑर्डर) शोधून ठेवा, मी आले की अर्ज भरू.

तुमची,
धाकटी